हृदयाचे दार पाहणारा डॉक्टर : इंगे एडलर आणि 'इको' तपासणीची गोष्ट

आज बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात अब्बांचे एक्स-रे, अम्मीच्या साखरेच्या चिठ्ठ्या, ईसीजीच्या फिक्या पडलेल्या पट्ट्या आणि घडी घातलेला एक कागद असतो. त्या कागदावर 'टू-डी इको' असे लिहिलेले असते. खाली काळ्या पार्श्वभूमीवर पंख्याच्या आकाराची, धुक्यासारखी चित्रे. घरातले कोणी तो कागद वाचत नाही. डॉक्टर वाचतात, मान हलवतात, आणि आपण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत बसतो.

हा कागद आला कुठून, तो कोणी शोधून काढला आणि त्यावरची माहिती आपल्या घराच्या किती कामाची आहे, हे वाचकांपुढे ठेवावे म्हणून आम्ही या लेखासाठी एका हृदयरोगतज्ज्ञाची निवड केली. त्यांचे नाव इंगे एडलर. जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांमध्ये त्यांना इको तपासणीचे जनक मानतात. सामान्य माणसाला मात्र ते नाव फारसे ठाऊक नाही.

लुंडचा डॉक्टर

इंगे एडलर यांचा जन्म १९११ साली स्वीडनच्या दक्षिण टोकाला, माल्मो शहराजवळ झाला. तिथून जवळच लुंड नावाचे जुने विद्यापीठाचे गाव आहे. एडलर तिथेच वैद्यकशास्त्र शिकले आणि पुढे तिथल्याच रुग्णालयात त्यांनी काम केले. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस त्या रुग्णालयातील हृदयतपासणीच्या प्रयोगशाळेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. हातापायाच्या नसेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन आतला दाब मोजायचा, हे तिथले मुख्य काम.

याच काळात हृदयाच्या शस्त्रक्रियेत मोठा बदल घडत होता. १९४८ साली अमेरिकेत चार्ल्स बेली आणि ड्वाइट हार्केन या शल्यचिकित्सकांनी अरुंद झालेली मायट्रल झडप उघडून दाखवली होती. ही झडप म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये असलेले दोन पानांचे दार. फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त या दारातून खाली उतरते आणि तिथून सर्व शरीरात जाते. दाराची पाने एकमेकांना चिकटली की रक्त वरच तुंबते, फुप्फुसांत पाणी साचू लागते आणि माणसाला धाप लागते.

त्या काळची शस्त्रक्रिया ऐकूनच अंगावर काटा येतो. हृदय धडधडत असतानाच शल्यचिकित्सक वरच्या कप्प्याला छिद्र पाडून आत बोट घालत आणि चिकटलेली पाने अंदाजाने मोकळी करीत. अनेकांना या शस्त्रक्रियेने नवे आयुष्य मिळाले. पण त्यात एक मोठी अडचण होती.

दार अरुंद की गळके?

मायट्रल झडप दोन तऱ्हांनी बिघडते. एक तर ती अरुंद होते, नाही तर ती नीट मिटत नाही आणि रक्त उलटे गळते. कित्येकांत दोन्ही दोष कमीजास्त प्रमाणात एकत्र असतात. अरुंद झडपेला बोटाने मोकळे केले तर रोग्याला आराम पडे. पण आधीच गळक्या असलेल्या झडपेवर तेच केले, तर गळती वाढून रोगी हातचा जाण्याची भीती असे.

मग शस्त्रक्रियेआधी ओळखायचे कसे? स्टेथोस्कोपने आवाज ऐकू येत, पण दोन्ही दोष एकत्र असले की अनुभवी कानही फसत. एक्स-रेमध्ये हृदयाची नुसती सावली दिसे, आतले दार दिसत नसे. नळी घालून दाब मोजला तर तो दोन्ही प्रकारांत वाढलेलाच निघे. म्हणजे ज्या प्रश्नावर रोग्याचे जगणे-मरणे ठरत होते, त्याचेच उत्तर हाती नव्हते.

एडलर यांच्यापुढे रोज हा प्रश्न होता. शस्त्रक्रियेसाठी कोणाला पाठवायचे आणि कोणाला नाही, हे त्यांना ठरवायचे होते. नुकतेच महायुद्ध संपले होते. युद्धात रडारने दूरची विमाने शोधली जात, हे सर्वांना माहीत झाले होते. छातीबाहेरून हृदयाच्या आत असे काही पाहता येईल का, हा विचार एडलर यांच्या मनात घोळू लागला. पण ते डॉक्टर होते, यंत्राचे जाणकार नव्हते. म्हणून त्यांनी त्या विषयातला माणूस शोधला.

पदार्थविज्ञानाचा सोबती

लुंड विद्यापीठात तेव्हा हेल्मुट हर्ट्झ नावाचे एक तरुण पदार्थवैज्ञानिक होते. त्यांचे घराणे मोठे विद्वान. वडील गुस्ताव हर्ट्झ यांना पदार्थविज्ञानाचे १९२५चे नोबेल मिळालेले. वडिलांचे काका हाइनरिश हर्ट्झ यांनी रेडिओलहरी सिद्ध केल्या होत्या. लहरींची वारंवारता आपण ज्या 'हर्ट्झ' या एककात मोजतो, ते त्यांच्याच नावाने. मात्र या घराण्याने दुःखही भोगले. वंशात ज्यू रक्त आहे म्हणून नाझी राजवटीत गुस्ताव हर्ट्झ यांना बर्लिनमधील प्राध्यापकपद सोडावे लागले आणि ते सिमेन्स कंपनीच्या संशोधनशाळेत गेले. मुलगा हेल्मुट युद्धात अमेरिकनांचा कैदी झाला आणि सुटल्यावर स्वीडनला आला.

हर्ट्झ यांनी एडलर यांना सांगितले की, रडारच्या लहरी इथे उपयोगाच्या नाहीत. ध्वनीच्या लहरी वापरून पाहू. माणसाच्या कानाला ऐकू येत नाही इतक्या वरच्या पट्टीतला हा ध्वनी कारखान्यांत आधीच वापरात होता. जहाजाच्या पोलादी पत्र्यात किंवा जोडात आतून भेग आहे का, हे पत्रा न कापता त्याने कळत असे. माल्मोच्या कोकुम्स जहाजकारखान्यात असे एक यंत्र होते. हर्ट्झ तिथे गेले आणि यंत्राचे टोक स्वतःच्याच छातीला लावून पाहिले. पडद्यावर हृदयाच्या ठोक्याबरोबर हलणारी खूण दिसली!

पुढे वडिलांच्या सिमेन्समधील जुन्या ओळखीचा उपयोग झाला. जर्मनीतील एरलांगेन येथून कंपनीने असेच एक यंत्र लुंडला वापरायला दिले. २९ ऑक्टोबर १९५३ रोजी एडलर आणि हर्ट्झ यांनी त्यावर हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद घेतली. दुसऱ्या वर्षी त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

ध्वनीने दिसते कसे?

विहिरीत हाक मारली की आवाज तळाला आपटून परत येतो. तेच तत्त्व इथे आहे. यंत्राच्या टोकाला असलेल्या स्फटिकाला विजेचा झटका दिला की तो थरथरतो आणि सूक्ष्म ध्वनी सोडतो. हा ध्वनी शरीरात सेकंदाला सुमारे १५४० मीटर या वेगाने जातो. वाटेत स्नायू, रक्त, झडप असे पदार्थ बदलतात, तिथे त्याचा काही भाग उलटा फिरतो. तोच स्फटिक हा प्रतिध्वनी झेलतो आणि त्याची पुन्हा वीज करतो. छातीपासून आठ सेंटिमीटर आतल्या झडपेवर आपटून प्रतिध्वनी परतायला सेकंदाचा सुमारे दहाहजारावा भाग लागतो. हा वेळ मोजला की अंतर कळते. अशा नोंदी सतत घेत राहिल्या की कोणता भाग केव्हा पुढे आला आणि केव्हा मागे गेला, याची रेघ उमटते.

यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही, चिरफाड नाही. म्हणूनच ही तपासणी गरोदर स्त्रीवर आणि तान्ह्या बाळावरही बिनघोर करता येते.

ती रेघ कशाची?

पडद्यावर रेघ हलत होती खरी, पण ती हृदयाच्या नेमक्या कोणत्या भागाची? सुरुवातीला एडलर यांना वाटले की ती डाव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीची असावी. पण अंदाजावर ते थांबले नाहीत. ज्या रोग्यांचा शेवट जवळ आला होता, त्यांची तपासणी करताना ध्वनीची जागा आणि दिशा ते छातीवर खुणेने नोंदवून ठेवत. मृत्यूनंतर शवविच्छेदनाच्या वेळी त्याच जागेतून, त्याच दिशेने एक लांब टोकदार सळई आत घालून ती कुठे पोहोचते हे पाहत. तेव्हा लक्षात आले की सर्वांत वेगाने हलणारी ती रेघ भिंतीची नव्हे, मायट्रल झडपेच्या पुढच्या पानाचीच आहे. जे दार पाहायचे होते, तेच समोर दिसत होते!

मग पुढचे कोडे सुटले. निरोगी माणसात हे पान उघडल्यावर लगेच मिटण्याकडे झेपावते, म्हणून रेघ तीव्र उतरते. अरुंद झडपेत ते हळूहळू सरकते आणि रेघेचा उतार मंद होतो. उतार जितका मंद, तितकी झडप अधिक अरुंद. शस्त्रक्रियेला कोणाला पाठवायचे, या प्रश्नाला पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसणारा आधार मिळाला.

जगाने ऐकले, पण सावकाश

इतका मोठा शोध लागला तरी वैद्यकीय जगाने तो लगेच उचलला नाही. १९६० साली रोम येथे भरलेल्या युरोपीय हृदयरोग परिषदेत एडलर यांनी या तपासणीचा चित्रपट दाखवला. १९६३च्या सुमारास अमेरिकेत क्लॉड जॉयनर आणि जॉन रीड यांनी काम सुरू केले. १९६५ साली इंडियाना येथील हार्वे फायगेनबॉम यांनी हृदयाभोवतीच्या पिशवीत साचलेले पाणी या पद्धतीने ओळखता येते हे दाखवले, आणि मग ही विद्या भराभर पसरली. १९७७ साली एडलर आणि हर्ट्झ या दोघांना वैद्यकातील मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. हर्ट्झ १९९० मध्ये, तर एडलर २००१ मध्ये, नव्वदीला पोहोचण्याच्या बेतात असताना वारले.

एडलर यांच्या यंत्राने एकच रेघ दिसे. पुढे सत्तरच्या दशकात हृदयाचा पूर्ण छेद हलत्या चित्रासारखा दिसू लागला. 'टू-डी' म्हणतात ते हेच. त्याच दशकात नॉर्वेतील ट्रॉनहाइम शहरात लिव हाटले या महिला हृदयरोगतज्ज्ञाने अभियंत्यांच्या साथीने डॉप्लर तत्त्व वापरून, नळी न घालता बाहेरूनच झडपेवरचा दाब मोजण्याची पद्धत रुजवली. गाडी जवळ येताना तिचा हॉर्न चढा ऐकू येतो आणि दूर जाताना उतरतो, तसाच वाहत्या रक्तावरून परतलेला ध्वनीही बदलतो. त्यावरून रक्ताचा वेग कळतो. ऐंशीच्या दशकात या वेगाला रंग देण्यात आले. आज पडद्यावर जो लाल-निळा रंग दिसतो, तो शुद्ध-अशुद्ध रक्ताचा नव्हे. लाल म्हणजे यंत्राच्या टोकाकडे येणारे रक्त आणि निळा म्हणजे दूर जाणारे, एवढाच त्याचा अर्थ.

ही गोष्ट आपल्या घरातली कशी?

स्वीडनमध्ये ज्या रोगाने एडलर यांना हा शोध लावायला भाग पाडले, तो रोग त्या देशात आता क्वचित दिसतो. आपल्या देशात मात्र तो अजून आहे. मायट्रल झडप अरुंद होण्याचे मुख्य कारण म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप. साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूने सुजतो. तो बरा होतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन गुडघा, घोटा, मनगट असे सांधे एकामागून एक दुखू लागतात. हेही थांबते. घरचे समजतात की संकट टळले. पण याच काळात झडपेला सूज येऊन गेलेली असते. डॉक्टर मंडळी म्हणतात, हा ताप सांधे नुसते चाटतो, पण हृदयाला चावतो.

दाटीवाटीची वस्ती, एका खोलीत झोपणारी पाच-सहा माणसे, घसादुखीकडे दुर्लक्ष, अशा परिस्थितीत हा रोग वाढतो. झडप पुढे वर्षानुवर्षे हळूहळू अरुंद होत जाते, आणि खरा त्रास बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. मुलींच्या बाबतीत तर तो पुष्कळदा पहिल्या गरोदरपणातच उघड होतो. गरोदर स्त्रीच्या शरीरातले रक्त सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. अरुंद दारातून इतके रक्त जायचे कसे? मग जिना चढताना दम लागतो, रात्री आडवे झाले की गुदमरते, उशा रचून बसून राहावे लागते, खोकल्याला फेस येतो.

अशा वेळी घरात काय बोलले जाते, ते आपण सारे जाणतो. "पहिलटकरीण आहे, अशक्तपणा असेल." "सुनेला कामाचा कंटाळा आहे." कोणी टॉनिक आणते, कोणी ताबीज. आमची सर्व सासवांना, नणंदांना आणि नवरे मंडळींना कळकळीची विनंती आहे की, गरोदर सुनेला आडवे झाल्यावर धाप लागत असेल तर तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. एका इको तपासणीने खरे काय ते कळते, आणि वेळेवर कळले तर आई आणि बाळ दोघांनाही वाचवता येते. १९८२ मध्ये जपानच्या कांजी इनोऊए यांनी मांडीच्या नसेतून फुगा नेऊन झडप उघडण्याची पद्धत सुरू केली. झडप त्या योग्य असेल, तर आज छाती न उघडताही इलाज होतो. झडप योग्य आहे की नाही, हेही इकोवरच ठरते.

आणखी एक नाजूक गोष्ट. लहानपणी मुलीला झडपेचा त्रास निघाला की तिची फाइल लपवली जाते. निकाह ठरेपर्यंत कोणाला कळू नये, असा आई-बापांचा हेतू असतो. त्यांची काळजी आम्हाला समजते. पण त्यामुळे तिचे दर तीन-चार आठवड्यांनी घ्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन सासरी गेल्यावर बंद पडते, आणि तेच तिच्या झडपेचे रक्षण करीत असते. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या गरोदरपणात बाळाला घातक ठरू शकतात, तेही कोणाला सांगता येत नाही. नाते जोडण्यापूर्वी दोन्ही घरांनी मिळून डॉक्टरांचा सल्ला घेतला, तर मुलगी सुरक्षित राहते. सौम्य दोष असलेल्या कित्येक स्त्रिया देखरेखीखाली सुखरूप बाळंत होतात.

अहवाल हाती आल्यावर

इकोच्या कागदावरचे दोन-तीन शब्द समजून घेतले तर पुष्कळ भीती कमी होते.

'ईएफ' किंवा 'एलव्हीईएफ' म्हणजे डावा खालचा कप्पा एका ठोक्याला आतल्या रक्ताचा किती हिस्सा बाहेर फेकतो, ते प्रमाण. तिथे ६० टक्के लिहिलेले पाहून काही जण घाबरतात की हृदय ४० टक्के खराब झाले. तसे मुळीच नाही. निरोगी हृदयही कप्पा पूर्ण रिकामा करीत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के हे चांगलेच प्रमाण आहे.

'एमएस' म्हणजे मायट्रल झडप अरुंद असणे, 'एमआर' म्हणजे ती गळणे. निरोगी मायट्रल दाराचे क्षेत्रफळ ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. ते दीड किंवा त्याहून कमी झाले, तर रोग तीव्र मानतात. 'ट्रिव्हियल' किंवा किंचित गळती असे लिहिले असेल, तर ती अनेक निरोगी माणसांतही असते.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. नेहमीच्या इकोमध्ये हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांतले अडथळे थेट दिसत नाहीत. म्हणून इको चांगला आला तरी चालताना छातीत कळ येत असेल, ती हातात किंवा जबड्यात उतरत असेल, तर 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणून घरी बसू नका.

तपासणीला जाताना

साध्या इकोसाठी उपाशी राहावे लागत नाही. डाव्या कुशीवर झोपवतात, छातीला थंड जेल लावतात आणि बहुधा वीस-तीस मिनिटांत काम होते. अन्ननलिकेतून केल्या जाणाऱ्या इकोला मात्र आधी काही तास पोटात काहीही नसावे लागते. ती तारीख ठरवताना तशी विचारणा करावी. रमजानमध्ये लघवीच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांच्या वेळा आपल्या मनाने बदलू नयेत. रोजे ठेवता येतील का आणि औषधे कशी घ्यायची, हे महिना सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

आमच्या भगिनींना या तपासणीचा संकोच वाटतो आणि त्या ती पुढे ढकलत राहतात. त्यांनी एवढे जाणून घ्यावे की डाव्या बाजूचा थोडा भागच उघडा करावा लागतो. बाकी अंग चादरीने किंवा ओढणीने झाकून ठेवता येते. महिला डॉक्टर किंवा महिला तंत्रज्ञ आहेत का, असे वेळ घेतानाच विचारावे. सोबत आई, बहीण किंवा नवऱ्याला थांबू द्या, असेही मोकळेपणाने सांगावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

आणि ती कपाटातली पिशवी. झडपेच्या रोगात एका अहवालापेक्षा दोन अहवालांतला फरक अधिक बोलका असतो. गेल्या वर्षी दार किती उघडत होते आणि आज किती, यावरच पुढचा निर्णय होतो. तेव्हा जुने इको टाकून देऊ नका. तारखेप्रमाणे लावून एका फाइलमध्ये ठेवा, वर रोग्याचे नाव आणि चालू गोळ्यांची यादी लिहा, आणि डॉक्टरांकडे जाताना ती फाइल न विसरता बरोबर घ्या.